एकवीस दिवसांची उबवण : घरगुती यंत्रात प्रथमच अंडी ठेवताना

खुडूक बसलेली गावठी कोंबडी पाहून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची, टोपलीत पेंढा किंवा भाताचे तूस पसरायचे आणि एकविसाव्या दिवसाची वाट पाहायची, ही महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांची जुनी रीत. ऊब, ओलावा, अंडी उलथणे ही सारी काळजी कोंबडीच घेत असे. माणसाच्या वाट्याला मुंगूस, मांजर आणि कावळ्यापासून राखण करण्यापलीकडे फारसे काम येत नसे. अडचण एवढीच, की खुडूक बसणे हे सर्वस्वी कोंबडीच्या मर्जीवर. अधिक अंड्यांसाठी निवड होत गेलेल्या व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींमध्ये ही प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झाली आहे; कडकनाथ कोंबड्याही उबवणीच्या बाबतीत भरवशाच्या नाहीत. शिवाय अंड्यांवर बसलेली कोंबडी ते तीन आठवडे आणि पिल्ले सांभाळण्याचा पुढील काळ अंडी देत नाही.

त्यामुळे पंचवीस-पन्नास अंड्यांची लहान उबवणी यंत्रे आता परसातील कोंबडीपालकांच्या घरी दिसू लागली आहेत. काही जण थर्माकोलचे खोके, विजेचा दिवा, छोटा पंखा आणि तापमान नियंत्रक जोडून यंत्र घरीच तयार करतात. (एलईडी दिव्याने येथे काम भागत नाही, तो प्रकाश देतो, ऊब नाही.) मात्र पहिल्या खेपेला अनेकांच्या पदरी निराशा येते. काही अंडी सातव्या दिवशीच बाद ठरतात आणि काही पिल्ले पूर्ण वाढ होऊनही विसाव्या दिवशी कवचातच मरतात. दैवाला किंवा यंत्राला दोष देण्याआधी कारणे तपासली, तर ती बहुधा चार-दोन ठरावीक बाबींमध्येच सापडतात.

यंत्राआधी अंडे

दुकानातील अंडी यंत्रात ठेवून पाहण्याचा मोह नवख्यांना होतो. व्यापारी अंड्यांच्या फार्मवर कोंबडे पाळलेच जात नाहीत, त्यामुळे ही अंडी अफलित असतात आणि कितीही ऊब दिली तरी त्यांतून काही निपजत नाही. उबवणीसाठी आठ ते दहा कोंबड्यांमागे एक सशक्त कोंबडा असलेल्या कळपातील अंडी हवीत. कोंबडा नव्याने सोडला असेल तर आठ-दहा दिवस थांबून मगच अंडी गोळा करावीत.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. त्यापुढे प्रत्येक दिवसागणिक पिल्ले निघण्याचे प्रमाण घटत जाते. साठवण थंड जागी, शक्यतो १३ ते १८ अंश सेल्सिअसला आणि निमुळते टोक खाली ठेवून करावी. फ्रीजमधील थंडी यासाठी फार होते. उन्हाळ्यात खुराड्यातील अंडी दिवसातून तीन-चार वेळा उचलावीत. अन्यथा तेथील उष्म्यानेच गर्भाची अर्धवट वाढ सुरू होते आणि पुढे तो मरतो. फार मोठी, फार गोल, तडकलेली, पातळ कवचाची अंडी वगळावीत. अंडी धुऊ नयेत. कवचावर निसर्गतः एक संरक्षक लेप असतो. तो निघून गेला की सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत शिरतात. थोडी घाण लागली असल्यास कोरडी खरवडून काढावी, फारच माखलेले अंडे घेऊच नये. बाहेरगावाहून आणलेली अंडी निदान बारा तास निमुळते टोक खाली ठेवून स्थिर होऊ द्यावीत.

जातीचा विचारही येथेच करावा. गिरिराज, वनराज यांसारखे सुधारित पक्षी संकरातून तयार झालेले आहेत. त्यांची अंडी उबवली तर पिल्ले निघतात, पण ती आईबापांसारखी एकसारखी वाढतीलच असे नाही. सुधारित जातीचीच पिल्ले हवी असतील तर पशुसंवर्धन विभागाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून ती घेणे सरळ पडते. अशी केंद्रे पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. कडकनाथच्या नावाने काळी अंडी विकणारा कोणी भेटल्यास त्याच्यापासून दूरच राहावे. या पक्ष्याचे मांस व कातडी काळी असते, अंड्याचे कवच मात्र फिकट बदामी किंवा मळकट पांढरेच असते.

तापमान

आत पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस तापमान राखावे. पंखा नसलेल्या यंत्रात हवेचे थर पडतात, वर उष्ण आणि खाली थंड. तेथे अंड्यांच्या वरच्या पातळीवर सुमारे ३८.८ अंश मोजले जावेत. यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नये. ताप मोजण्याचा तापमापक आणि यंत्रात ठेवायचा तापमापक एकाच कोमट पाण्यात धरून पाहिले की किती अंशांचा फरक आहे ते कळते. अंडी आणण्यापूर्वी यंत्र पूर्ण एक दिवस रिकामे चालवून पाहणे आवश्यक आहे.

तापमान सतत थोडे कमी राहिले तर पिल्ले उशिरा आणि अशक्त निघतात. थोडे जास्त राहिले तर लवकर निघतात, पण बेंबी नीट मिटलेली नसते, पायांत व्यंग राहते. दोन्हींत उष्णता अधिक घातक. काही तासांचा गारवा गर्भ बहुधा सोसतो (कोंबडीसुद्धा रोज दाणापाण्यासाठी अंड्यांवरून उठतेच), परंतु ४० अंशांच्या वर गेलेले यंत्र थोड्या वेळातच सारी खेप संपवू शकते. म्हणून यंत्र खिडकीतील उन्हात, पत्र्याच्या छपराखाली किंवा चुलीजवळ ठेवू नये. घरगुती यंत्राला तापवता येते, थंड करता येत नाही, ही गोष्ट विदर्भ-मराठवाड्यातील कोंबडीपालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. मे महिन्यात खोलीचाच पारा चाळिशी ओलांडत असेल, तर दिवा बंद असूनही अंडी शिजू लागतात. तेथे उबवणीचा खरा हंगाम हिवाळ्याचा.

वीज गेल्यास यंत्राचे झाकण उघडू नये. हवेची छिद्रे मोकळी ठेवून बाहेरून गोधडी किंवा पोते गुंडाळावे. वीज नेहमीच तासन्‌तास जात असेल तर इन्व्हर्टरची सोय आधी करावी, यंत्र नंतर घ्यावे.

पाण्याचा हिशेब

सर्वाधिक पिल्ले बळी जातात ती आर्द्रतेपायी, आणि यंत्राबरोबरच्या माहितीपत्रकात नेमकी हीच बाब सर्वांत तोकडी असते. अंड्याच्या कवचातून रोज थोडी वाफ बाहेर पडते. ती तशी पडायलाच हवी. त्यामुळे रुंद टोकाकडील हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू पहिला श्वास त्याच पोकळीतून घेते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी घटले पाहिजे. कमी घटले तर आत पाणी राहते, पिल्लू सुजलेले असते व टोचा मारल्यावर गुदमरते. जास्त घटले तर पापुद्रे वाळून पिल्लाला चिकटतात आणि त्याला फिरता येत नाही.

यासाठी पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि नंतर ६५ ते ७० टक्के आर्द्रता सांगितली जाते. मात्र 'भांडे भरून ठेवा' ही सूचना कोकणात जुलैत आणि लातुरात जानेवारीत सारखी लागू पडत नाही. पावसाळ्यात २७ अंश तापमानाची, ९० टक्के आर्द्रता असलेली हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पाण्याचे भांडे कोरडे असतानाच हवे ते प्रमाण साधते, आणि भांडे भरले की बिघडते. उलट हिवाळ्यातील २२ अंशांची, ४० टक्के आर्द्रतेची हवा तेवढीच तापवली तर आर्द्रता १६-१७ टक्क्यांवर उतरते. तेथे दोन भांडीही कमी पडावीत. आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नव्हे, पृष्ठभागावर अवलंबून असते. ती वाढवायची तर पसरट ताटली ठेवावी किंवा भांड्यात स्पंजचा तुकडा उभा करावा.

आर्द्रतामापक बरेचदा खोटा आकडा दाखवतो. तो तपासण्याची युक्ती स्वयंपाकघरातच आहे. वाटीभर मिठात थोडेसे पाणी घालून ओला गोळा करावा, तो आणि मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावेत. डब्यातील आर्द्रता ७५ टक्के होते. मापक ६८ दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात ७ मिळवावेत.

याहूनही भरवशाचा मार्ग वजनकाट्याचा. समजा, दहा अंड्यांचे वजन पहिल्या दिवशी ४५० ग्रॅम भरले. सातव्या दिवशी ते सुमारे ४२९ ग्रॅम आणि अठराव्या दिवशी ३९६ ग्रॅमच्या जवळपास असावे. सातव्या दिवशी ४४० भरले तर पाणी कमी करावे, ४१५ भरले तर वाढवावे. मध्येच एखादे अंडे बाद करून काढले, तर त्याचे मूळ वजन हिशेबातून वजा करायला विसरू नये.

उलथणे आणि तपासणे

अंडी न फिरवल्यास गर्भ पापुद्र्याला चिकटतो. हाताने फिरवायची असल्यास दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम संख्येने फिरवावीत. त्यामुळे रात्रभर रोज एकच बाजू वर राहत नाही. अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल अशी खूण पेन्सिलीने करावी, शाईने नव्हे. अठराव्या दिवशी फिरवणे थांबवावे.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या प्रकाशात अंडे पाहावे. मधोमध गडद ठिपका आणि त्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या लाल रेषा दिसल्या तर गर्भ वाढतो आहे. स्वच्छ पिवळसर दिसणारे अंडे अफलित, आणि आत लाल कडे उमटलेले असेल तर गर्भ मेलेला. अशी अंडी काढावीत; ती नासून फुटली तर दुर्गंधी व जंतू साऱ्या यंत्रात पसरतात. गडद तपकिरी कवचाची शंका असेल, तर ते अंडे चौदाव्या दिवसापर्यंत राहू द्यावे.

बदक किंवा टर्कीची अंडी कोंबडीच्या अंड्यांसोबत लावण्याचा उत्साह पहिल्या खेपेला टाळलेला बरा. त्यांना २८ दिवस लागतात, लावीला मात्र १७-१८ दिवसच पुरतात. एकाच यंत्रात सर्वांचे अखेरचे दिवस साधत नाहीत.

अखेरचे तीन दिवस

अठराव्या दिवशी पाणी वाढवून झाकण लावले, की ते उघडण्याची इच्छा आवरणे हेच मुख्य काम उरते. हवेची छिद्रे मात्र पूर्ण उघडी ठेवावीत, कारण या वेळी पिल्लांना सर्वाधिक प्राणवायू लागतो. तळाशी खरखरीत कापड किंवा जाळी असावी. विसाव्या दिवसाच्या सुमारास आतून बारीक चिवचिव ऐकू येते, मग चोचीच्या टोकावरील कठीण उंचवट्याने कवचाला पहिला टोचा पडतो.

यानंतर बराच वेळ काहीच घडत नाही. बारा तास, कधी चोवीस तासही जातात. घरातील मंडळी धास्तावतात, आणि कोणीतरी मायेपोटी कवच सोलू लागते. बहुतेक अपघात याच वेळी होतात. या मधल्या काळात पिल्लू फुप्फुसाने श्वास घ्यायला शिकत असते, पापुद्र्यातील रक्तवाहिन्या आटत असतात आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. त्याआधी कवच सोलले तर रक्तस्राव होतो. झाकण वारंवार उघडले तर आर्द्रता एकदम घसरून इतर अंड्यांतील पापुद्रे वाळतात. पोटातील बलकावर पिल्लू दोन दिवस दाण्यापाण्याविना राहू शकते. त्यामुळे आधी निघालेली पिल्ले कोरडी व फुलकी होईपर्यंत यंत्रातच राहू द्यावीत.

यंत्राबाहेर

पिल्लांसाठी उबेची पेटी आदल्या दिवशीच तयार हवी. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. दिव्याखाली पिल्ले घोळका करून राहिली तर थंडी वाजते आहे, कडेला पांगून चोची उघडून धापा टाकू लागली तर उष्णता जास्त. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात. तूस पसरावे किंवा पोते अंथरावे. पाण्याचे भांडे उथळ असावे. राणीखेत म्हणजे मानमोडीविरुद्धची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. कुपीत शेकडो मात्रा असतात, म्हणून शेजारच्या दोन-चार कोंबडीपालकांनी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने एकाच दिवशी लसीकरण करणे परवडते. पिल्ले हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत. पक्ष्यांत अचानक मरतुक दिसल्यास दवाखान्याला लगेच कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसरात बर्ड फ्लूमुळे लाखो पक्षी नष्ट करावे लागले होते.

यंत्र घेताना सहसा कोणाच्या लक्षात न येणारी एक बाब म्हणजे निम्मी पिल्ले नर निघणार. एक दिवसाच्या पिल्लातील नर-मादी ओळखणे नवख्याला शक्य नसते. चार-पाच महिन्यांनी पहाटे आरवणारे सात-आठ कोंबडे घरी असतील, त्यांचे काय करायचे हे अंडी लावण्यापूर्वीच घरात बोललेले बरे. शहरी वस्तीत तर शेजारी आणि स्थानिक नियम दोन्ही विचारात घ्यावे लागतात.

पहिल्या खेपेत निम्म्याहून थोडी अधिक पिल्ले निघाली तरी ती खेप साधली असे समजावे. तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी घराबाहेर नेऊन फोडून पाहावीत. गर्भच नसेल तर दोष कोंबड्याकडे किंवा साठवणीकडे, पहिल्या आठवड्यात मेला असेल तर तापमानाकडे किंवा अंडी हाताळण्याकडे, आणि पूर्ण वाढलेले पिल्लू टोचा न मारता मेले असेल तर बहुधा आर्द्रतेकडे. ही नोंद वहीत तारखेसह करून अंडी खोल पुरावीत. यंत्राच्या जाळ्या व ट्रे साबणाच्या पाण्याने धुऊन, जंतुनाशक फिरवून उन्हात वाळवावेत आणि नवी अंडी आणण्यापूर्वी यंत्र पुन्हा एक दिवस रिकामे चालवावे.