डोंगरावरचे बांध

पनवेलहून पूर्वेस पाहिले असता प्रबळगडाचा लांबट माथा दिसतो. गडाचा इतिहास आपण आवडीने वाचतो. परंतु गडाखालच्या उतारांनाही इतिहास आहे, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

अशा उतारांवर चढताना गवतात बुजलेल्या दगडांच्या आडव्या ओळी कोठे कोठे आढळतात. हे तट नव्हेत. हे शेताचे बांध होत. जमिनीतले दगड वेचायचे आणि तेच उताराला आडवे रचायचे, म्हणजे पावसाबरोबर वाहून जाणारी माती तेथे अडते. ओळीच्या वरच्या अंगास माती साचलेली आणि खालच्या अंगास पायरी पडलेली दिसली, की येथे कोणी पेरीत होते असे समजावे.

या वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी आणि पुढे तीळ किंवा खुरासणी घेत. नंतर काही वर्षे जमिनीस विसावा देत. ठाकूर व कातकरी झुडपे तोडून जाळीत आणि त्या राखेत बी टाकीत. ही दळीची शेती. विसाव्यास ठेवलेली जमीन आणि कायमची सोडलेली जमीन परक्या डोळ्यांना सारखीच दिसते, आणि अनर्थाचे मूळ येथेच आहे.

१८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगले ठरू लागली. हक्क असेल त्याने मुदतीत मांडावा, न मांडल्यास तो बुडाला, अशी रीत होती. ज्याला अक्षर येत नव्हते त्याने तो कसा मांडावा? पुढे कुलाबा जिल्ह्यात काही वाड्यांना दळीच्या जमिनी अटींवर मिळाल्या; पण पुष्कळांची शेते कागदावर कधी उतरलीच नाहीत. प्रत्येक बांध कायद्यानेच ओस पडला, असे मात्र नव्हे. कोणी वीटभट्टीवर गेले, कोणी मुंबईस. बांध स्वतःचे वय सांगत नाही आणि धन्याचे नावही सांगत नाही.

तरीही त्याची साक्ष आता कायद्याने मानली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर आदिवासींना हक्क मागता येतो; आणि २००८ च्या नियमांत पुराव्यांच्या यादीत घरे, झोपड्या, जमिनीची सपाटी यांच्याबरोबर बांधांचाही उल्लेख आहे. ज्याच्यापाशी सनद नाही, त्याच्यासाठी आजोबाने रचलेला दगड आज दस्तऐवज ठरू शकतो.

म्हणूनच काळजी वाटते. दफ्तर जळाले तर आपण हळहळतो. येथे खाणींत टेकड्यांची खडी होते, तेव्हा त्यांच्या अंगावरचा लेखही पुसला जातो, याची दाद कोणी घेत नाही. श्रोतेहो, डोंगरावर जाल तेव्हा चुलीसाठी बांधाचा दगड काढू नका. वाडीतल्या एखाद्या वृद्धास विचारा, हे शेत कोणाचे आणि येथे काय पिकत असे. तो सांगेल ते नाव, ते पीक आणि ती जागा वहीत उतरवून ठेवा. बांध बोलत नाही. त्याची भाषा जाणणारी माणसे अजून आहेत, तोवरच हे काम व्हावयास हवे.