पायांची वर्दळ

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाला कुठे बसावं हे सांगितलं आहे. तिथे मुळासकट गोड असणारी, सदा फळणारी दाट झाडं हवीत. पावलोपावली पाणी हवं आणि ते पावसाळ्यातही निवळ. ऊन सौम्य, वारा मंद. पाण्याजवळ हंस, दोन-चार सारस, कधीतरी एखादी कोकिळा. मोर आला तरी आमची ना नाही, असंही माउली म्हणतात. वाचता वाचता लक्षात येतं, ही तर बागच आहे. पण त्याच यादीत एक अट आहे. त्या जागी लोकांच्या पायांची वर्दळ नसावी.

डाळजमध्ये राहणाऱ्याला ही यादी बरीचशी ओळखीची वाटेल. उजनीचं पाणी जवळ आहे. हिवाळ्यात शेजारच्या भिगवणला रोहित येतात आणि त्यांच्यामागे कॅमेरे घेऊन पुण्याची माणसं येतात. अडचण शेवटच्या अटीची आहे. मी दोन मुलांची आई आहे, नोकरी करते, आणि माझ्या घरात पायांची वर्दळ सोडून दुसरं काही नसतं. सकाळी सहाला सतरंजी टाकली की सव्वासहाला तिच्यावर कुणीतरी येऊन झोपलेलं असतं.

म्हणून मला हा प्रश्न पडला: घर न सोडता, मुलं सांभाळत योग करायचा, ही कल्पना आली कुठून? ती फार जुनी नाही. तिला जेमतेम शंभर वर्षं झाली आहेत, आणि त्यातला मोठा भाग आपल्याच महाराष्ट्रात घडला आहे.

एक गुरू, दोन वाटा

नर्मदाकाठी मालसर इथे परमहंस माधवदास नावाचे योगी राहत. त्यांच्या दोन शिष्यांनी विसाव्या शतकातल्या योगाला वळण दिलं. पहिले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. आसनं आणि प्राणायाम करताना शरीरात नेमकं काय होतं, हे उपकरणं लावून मोजायला घेतलं, आणि ते छापायला 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. ते आजन्म ब्रह्मचारी राहिले.

दुसरे मणिभाई हरिभाई देसाई, म्हणजे श्री योगेंद्र. मुंबईला सेंट झेवियर्समध्ये शिकत असताना हा तरुण माधवदासांकडे ओढला गेला. पण तो तिथे राहिला नाही. १९१८च्या डिसेंबरमध्ये त्याने मुंबईत वर्सोव्याला 'द योग इन्स्टिट्यूट' काढली, साध्या संसारी माणसांसाठी. पुढे १९२७ साली त्याने लग्नही केलं. योगी म्हणवणाऱ्याने संसार थाटावा, हे तेव्हाच्या लोकांना पचणं अवघडच होतं.

या गोष्टीत मला जास्त रस वाटतो तो सीतादेवींमध्ये. लग्नानंतर त्या योग शिकल्या, शिकवू लागल्या, आणि १९३४ साली त्यांचं बायकांसाठी योगाचं पुस्तक आलं. तोवर योगावर लिहिणारे जवळपास सगळे पुरुष होते, आणि त्यांचा वाचकही पुरुष धरलेला असे. इथे घर चालवणारी, मुलं असलेली बाई दुसऱ्या बाईला सांगत होती. पाळी, बाळंतपण, थकवा या गोष्टी योगाच्या वाटेतले अडथळे उरल्या नाहीत, त्या योगाचा विषय झाल्या. हा बदल आज लहान वाटतो. पण मोबाइलवर 'बाळंतपणानंतरची आसनं' शोधणारी प्रत्येक बाई त्या बदलाच्या अलीकडे उभी आहे.

औंधचा राजा

दुसरी वाट साताऱ्याकडून येते. औंध हे छोटं संस्थान. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सगळे बाळासाहेब म्हणत. हे स्वतः चित्रकार, कीर्तनकार, आणि सूर्यनमस्काराचे कमालीचे वेडे. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. १९२८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १९३८ साली लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं त्याचं रूप लंडनहून निघालं. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'आरोग्याची दहा टप्प्यांची वाट'.

त्या काळी नमस्कार हा योग मानला जात नव्हता, तो व्यायाम होता, तालमीचा नातेवाईक. योगाच्या वर्गात तो नंतर शिरला. पण संसारी माणसाला हवं ते सगळं त्याच्यात होतं. साधन लागत नाही, अंथरुणाएवढी जागा पुरते, दहा मिनिटांतही काहीतरी हाती लागतं. आणि राजांचा आग्रह होता की हे घरातल्या सगळ्यांनी करावं, बायकांनीसुद्धा. राणीसाहेब स्वतः नमस्कार घालत. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे परराष्ट्र सेवेत गेले, त्यांनीही सूर्यनमस्कारावर पुस्तक लिहिलं. म्हणजे इथे सराव कुणा एकाचा नव्हता, कुटुंबाचा होता.

याच औंधात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मला या विषयापासून वेगळी करता येत नाही. १९३९ साली राजांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. त्याच वर्षी, मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियरच्या कल्पनेतून, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही मोकळी वसाहत उभी राहिली. तिथे खुनासारख्या गुन्ह्यातले कैदी भिंतीशिवाय राहिले, आपल्या बायकामुलांसोबत, शेती करत. व्ही. शांताराम यांचा १९५७चा 'दो आँखें बारह हाथ' या प्रयोगावरूनच सुचला. माणूस सावरायचा तर त्याला शरीराला शिस्त, हाताला माती आणि जवळ घरची माणसं लागतात, ही समजूत त्यामागे असावी. नमस्कार आणि स्वतंत्रपूर एकाच छोट्या संस्थानात निघाले, हा मला योगायोग वाटत नाही.

संस्थेवर कोणाचं नाव आहे?

तिसरं घर पुण्यातलं. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले ते डेक्कन जिमखान्यावर सहा महिने योग शिकवायला. वय अठरा, भाषा येत नाही, पोटाला धड नाही. त्यांचे गुरू कृष्णम्माचार्य हे त्यांच्या बहिणीचे यजमान, त्यांनीच पाठवलेलं. सहा महिन्यांसाठी आलेला हा मुलगा आयुष्यभर पुण्यातच राहिला. १९५२ साली व्हायोलिनवादक यहुदी मेन्यूहिन यांची भेट झाली आणि जगाची दारं उघडली. १९६६ साली 'लाइट ऑन योगा' आलं. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

१९४३ साली त्यांचं रमामणींशी लग्न झालं. त्यांना तोवर योगाचा गंध नव्हता. संसाराची सुरुवात उसन्या भांड्यांनी झाली. पुढे सहा मुलं झाली. रमामणी नवऱ्याकडूनच योग शिकल्या, आणि नवरा सराव करताना त्याच्या आसनातलं काय बिघडलंय ते पाहून सांगू लागल्या. गुरू दूर होते, आरसा म्हणून बायको होती. थोरल्या गीता लहानपणी मूत्रपिंडाच्या आजाराने खंगल्या आणि वडिलांच्या हाताखाली योगाने सावरल्या. बायकांच्या योगाबद्दल जगाने पुढे ज्यांचं ऐकलं, त्या याच गीता अय्यंगार.

१९७३च्या जानेवारीत नव्या संस्थेच्या जागेचं भूमिपूजन झालं आणि काही दिवसांतच रमामणी गेल्या. १९७५ साली मॉडेल कॉलनीत संस्था उघडली, तिचं नाव रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था. जगभरातून येणारे विद्यार्थी ज्या पाटीखालून आत जातात, तिच्यावर गुरूचं नाव एकट्याने येत नाही. ते घर चालवणाऱ्या बाईच्या नावात गुंफलेलं येतं. ती पाटी मला या सगळ्या इतिहासातला सर्वात प्रामाणिक कागद वाटते.

कारण 'समतोल साधा' हे आज प्रत्येक रील आपल्याला सांगतं, जणू तो एकट्या माणसाने साधायचा असतो. या तीन घरांत तो एकट्याने कोणीच साधला नव्हता. एकाचा सराव चालायचा तेव्हा दुसरं कोणीतरी चुलीपाशी, पाळण्यापाशी असायचं. सीतादेवी आणि रमामणी यांनी दोन्हीकडची कामं केली, म्हणून त्या आठवतात. बाकीच्या कितीतरी बायका फक्त चुलीपाशी राहिल्या आणि त्यांच्या नावाच्या पाट्या लागल्या नाहीत.

परसातलं पाणी

मग आमच्याकडच्या बायकांचं स्वतःचं असं काही होतंच ना? होतं. परस होतं.

घराच्या मागे, नहाणीचं पाणी जिथे वाहून जाई, तिथे अळू, केळ, कर्दळ. कडेला शेवगा, कढीपत्ता, गवती चहा. मृगाचा पाऊस पडला की कुडाला दोडका, कारलं, भोपळ्याचे वेल. पुढच्या अंगणात तुळस, तिला सकाळी पाणी आणि प्रदक्षिणा. हे घरकामच होतं, पण यात बाई घराबाहेर यायची, वाकायची, उठायची, उन्हाला तोंड द्यायची, आणि दहा-पंधरा मिनिटं तिला कोणी हाक मारत नसे. त्याला कोणी योग म्हटलं नाही. आणि एकदा वापरलेलं पाणी दुसऱ्यांदा वापरणं, याला कोणी पर्यावरण म्हटलं नाही. इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात दुसरा उपायच नव्हता.

मग भीमेवर उजनी झालं. १९६६ साली पायाभरणी, १९८०ला काम पुरं, साठा ११७ टीएमसीच्या घरात. नदीकाठची गावं वर सरकली. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. दुष्काळात पाणी उतरलं की ते पुन्हा दिसतं, आणि लोक फोटो काढायला जातात. धरणाने या भागाला ऊस दिला, पैसा दिला, रोहित दिले. पण मोबदल्याच्या कागदावर जमीन मोजली जाते, घर मोजलं जातं. अळवाचं वाफं, वर्षानुवर्षं खरकटं आणि शेणखत पडून काळी झालेली परसातली माती, यांची किंमत कोण आणि कशी लावणार? नव्या गावठाणात घरं ओळीने आली, पाणी नळाने आलं, सांडपाणी गटारात गेलं. परस राहिलं ते ज्यांना जागा उरली त्यांचंच.

म्हणून बाग मला छंद वाटत नाही. बायकांच्या हातून गेलेली ती एक जागा आहे, आणि ती परत मिळवता येते.

आमच्याकडे आता अशी वाटणी आहे. पावणेसहा ते सव्वासहा सतरंजी माझी. तेवढ्यात डबे नवरा करतो, आणि चपात्या कशाही झाल्या तरी मी उठत नाही. संध्याकाळी धुण्याच्या शेवटच्या पाण्याच्या बादल्या मुलं केळीला नेऊन ओततात, अर्धं पाणी वाटेत सांडतं. यात ज्ञानेश्वरीतली शांतता नाही. लोकांच्या पायांची वर्दळ आहेच, फक्त ती पावलं आता सगळी माझ्याकडेच धावत येत नाहीत. काही चुलीकडे वळतात, काही केळीकडे.

२१ जूनला शाळेशाळेत मुलं ओळीने आसनं करतील. त्या दिवशी घरी जाऊन एवढंच बघावं, की ती तासभर योग करत असताना घरातलं काम कोणी केलं. तोवर मृगही सरत आलेला असतो. भोपळ्याचं बी टाकायचं राहिलं असेल, तर ते त्याच दिवशी टाकून घ्यावं.