चमच्यातली लघवी आणि स्लाइडवरचा साका

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड ब्राइट अंगावर सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरायचे. ती तापून अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी गोठली, की त्यात अल्ब्युमिन हे प्रथिन असल्याचं कळायचं. अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात मूत्रपिंडं बिघडलेली दिसतात, हे त्यांनी १८२७ मध्ये छापलं. पुढे १८४२ मध्ये तिथे फक्त मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी दोन वॉर्ड राखले गेले, सोबत प्रयोगशाळाही. पॅथॉलॉजिस्ट म्हणून मी स्वतःला त्या चमच्याची वारस मानते.

पण बिघाड जुना की कालचा, हे चमचा सांगत नव्हता. ज्याची किडनी वर्षानुवर्षं झिजत आली आहे, त्याच्या लघवीत अल्ब्युमिन बहुधा आधीपासूनच असतं. जुलाब होऊन तो अशक्त झाला आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचं क्रिएटिनिन रक्तात तीनवरून पाचवर गेलं, तर शरीरात फक्त पाणी कमी पडलंय, की मूत्रपिंडातल्या नळ्यांच्या पेशीच मेल्यात?

इथे सूक्ष्मदर्शक लागतो. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखालून काढलेली, हातपाय चिरडलेली माणसं हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये यायची. आली तेव्हा बरी वाटायची, मग लघवी आटायची, रक्तातला युरिया चढत जायचा. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी मार्च १९४१ मध्ये अशा चार रुग्णांची हकिकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दिली. त्यांच्या लघवीत गडद तपकिरी, दाणेदार कास्ट होते. कास्ट म्हणजे मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळीत गोठून तिचाच आकार घेतलेला साचा. चांगल्याभल्या माणसांच्या मूत्रपिंडांवर काही दिवसांत आलेलं संकट त्या साच्यांत उमटलं होतं.

पाणी कमी की पेशी मेल्या, याच प्रश्नावर १९७६ मध्ये एस्पिनेल यांनी सोडियमचं गणित मांडलं: गाळलेल्या सोडियमपैकी एक टक्क्याहून कमी लघवीत उतरलं, तर मूत्रपिंड शाबूत, कमतरता पाण्याची. हिशेब सुबक आहे, पण झिजलेल्या किडनीत फसतो. उरलेल्या प्रत्येक नेफ्रॉनला, म्हणजे गाळणी आणि तिच्या नळीला, मुळातच जास्त सोडियम बाहेर टाकावं लागतं, त्यामुळे आकडा आधीच चढलेला असतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखी.

म्हणून अशा रुग्णाच्या लघवीचा साका, म्हणजे तळाशी बसलेला गाळ, मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. तपकिरी कास्टांची गर्दी दिसली, तर घाव ताजा आहे असं वॉर्डला फोनवर कळवते. ते दिसले नाहीत, म्हणून घाव नाही असं मात्र म्हणत नाही. ठेवलेल्या लघवीत कास्ट मोडतात. सकाळचा नमुना दुपारी आला, तर मी नवीन मागवते आणि दोन तासांच्या आत स्लाइड लावते.