झर्सीज-सी++

एक्सएमएल दस्तऐवज वाचणारी, तपासणारी आणि लिहिणारी सी++ भाषेतील मुक्तस्रोत लायब्ररी. अमेरिकेतील अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन ती सांभाळते. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल १.० हे प्रमाण जाहीर झाले आणि पुढच्याच वर्षी आयबीएमने आपला पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम) अपाचीच्या एक्सएमएल प्रकल्पाला देऊन टाकला; त्यातून ही लायब्ररी उभी राहिली. जावासाठी तिची वेगळी आवृत्ती आहे. नाव सॅन फ्रान्सिस्को परिसरातून १९४० च्या दशकात नामशेष झालेल्या झर्सीज ब्लू या फुलपाखरावरून घेतले आहे.

त्या काळी सी++ चे कंपायलर एकमेकांशी जुळत नसत. एकावर चालणारा कोड दुसऱ्यावर अडे. म्हणून झर्सीजच्या लेखकांनी सर्व कंपायलरना पचेल एवढाच भाषेचा भाग वापरला आणि टेम्प्लेट या सुविधेला शक्यतो हात लावला नाही. फाइल, नेटवर्क, लिपीसंकेतांचे रूपांतर अशी यंत्रागणिक बदलणारी कामे त्यांनी वेगळ्या थरात ठेवली. विंडोज, लिनक्स, मॅक, सोलारिस, एआयएक्स अशा भिन्न प्रणालींवर ही लायब्ररी चालू शकली ती या संयमामुळे, आणि तेच तिचे खरे कर्तृत्व आहे.

वाचनाच्या दोन पद्धती आहेत. डॉम पद्धतीत सगळा दस्तऐवज वृक्षरूपाने मेमरीत उभा राहतो. सॅक्स पद्धतीत पार्सर वाचत जातो आणि भेटेल त्या घटकाची वर्दी देतो. मोठ्या फाइलींना हीच परवडते. आत सर्व मजकूर यूटीएफ-१६ या लिपीसंकेतात असतो आणि खुणांची नावे देवनागरीतही चालतात. <गाव>सातारा</गाव> ही ओळ आली, तर आधी ‘गाव’ उघडल्याची, मग मजकुराची, शेवटी खूण मिटल्याची वर्दी मिळते. मात्र मजकूर अखंड येईलच असे नाही. ‘सात’ एका वर्दीत आणि पुढचा काना दुसऱ्या वर्दीत, असेही घडू शकते. तुकडे जोडूनच शब्द वापरावा; नवशिक्यांचा घोटाळा बहुधा इथेच होतो.

दस्तऐवजाची रचना ठरवणाऱ्या डीटीडी आणि एक्सएमएल स्कीमा या नियमावल्यांनुसार तपासणी हे तिचे बलस्थान. पिनकोडच्या जागी अंकांऐवजी अक्षरे आली, तर ओळ आणि स्तंभ यांसह चूक दाखवली जाते. जेम्स क्लार्क यांचा एक्सपॅट पार्सर हलका आणि चपळ आहे, पण तो अशी तपासणी करत नाही. कणभौतिकीतील जिआंट-४, नकाशाशास्त्रातील जीडाल आणि विद्यापीठांच्या एकत्रित लॉगिनसाठीचे शिबोलेथ यांत झर्सीजचा वापर होतो.

देखभाल करणारे हात मात्र थोडे आहेत. बाहेरील डीटीडी वाचताना मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली जाण्याचा, २०१८ च्या क्रमांकाने नोंदलेला गंभीर दोष कित्येक वर्षे दुरुस्तीविना राहिला. तोवर डीटीडी बंद ठेवणे एवढाच उपाय होता. अनोळखी ठिकाणाहून आलेली फाइल वाचताना आजही डीटीडी बंदच ठेवावी.