घरविक्रीच्या दलाली करारातील दुरुस्ती
घरमालकाने दलालाशी केलेल्या करारातील किंमत, मुदत, दलालीचा दर किंवा अधिकार उभयतांच्या संमतीने बदलणे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 62 नुसार असा बदल झाला की मूळ अट पाळण्याचे बंधन उरत नाही. एकट्याने केलेली खाडाखोड मात्र दुरुस्ती ठरत नाही.

वाशिम जिल्ह्यातील मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी दलाली बहुधा तोंडी ठरते. भाव उतरला की बोलणी फिरतात आणि इसाराच्या वेळी तंटा होतो. म्हणून पुरवणी करार कागदावरच हवा. त्यात मूळ कराराची तारीख देऊन, ‘अपेक्षित किंमत 20 लाखांऐवजी 18 लाख वाचावी, बाकी अटी कायम’ असे नेमके लिहून दोघांनी सही करावी. जुन्या मुदतीत दलालाने आणलेल्या गिऱ्हाइकाची दलाली कोणाची, हेही तिथेच नोंदवावे. खरी भांडणे यावरच होतात.

मुदतीआधी दलालाला काढायचे तर करार कायद्याच्याच कलम 206 प्रमाणे वाजवी पूर्वसूचना लागते. स्थावर संपदा कायदा, 2016 मधील दलाल-नोंदणीची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती आहे. गावातल्या जुन्या घराच्या व्यवहाराला त्या नोंदणीचे संरक्षण मिळत नाही.