जात्यावर उभं राहिलेलं वाचनालय

थंडी ओसरू लागली की वाईत कृष्णाबाईचे, म्हणजे देवी मानलेल्या कृष्णा नदीचे, उत्सव सुरू होतात. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड, प्रत्येक आळीची कृष्णाबाई वेगळी, मांडव वेगळा, प्रसादाचा दिवस वेगळा. परंपरा सांगते ती अशी: १६५९ साली अफझलखान वाईत तळ देऊन बसला होता, तेव्हा इथल्या शेंडे घराण्यातल्या एका शास्त्रीबोवांनी कृष्णामाईला नवस बोलला, शिवाजी महाराजांवरचं संकट टळू दे, तुझा उत्सव करू. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला. एका माणसानं बोललेला नवस पुढे सगळं गाव फेडत राहिलं, ही या कथेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

मी या गावात सून म्हणून आले आणि इथंच शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. सुरुवातीच्या वर्षांत मला आमची आळी कळली ती उत्सवाच्या मांडवात. प्रसादाच्या आदल्या दिवशी बायका घरून सुपं आणि विळ्या घेऊन यायच्या. तांदूळ निवडायचे, नारळ खवायचे, भाजी चिरायची. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा मुलगा नापास झाला, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे तिथंच समजायचं आणि त्यावरची मदतही तिथंच ठरायची. पंगतीला वाढायला वकील आणि कचेरीतला शिपाई एकाच रांगेत उभे राहायचे. वर्गणीच्या वहीत पाच रुपयेवाला आणि पन्नास रुपयेवाला एकाखाली एक, एकाच शाईत लिहिलेले असायचे. उत्सव उतरला की हिशेब मांडवातच मोठ्यानं वाचला जायचा. चार रुपये कमी भरले तरी प्रश्न विचारला जायचा आणि त्याचं उत्तर द्यावं लागायचं.

वाईला धनिकांचे हात लागलेच नाहीत असं नाही. इथली देवळं आणि घाट बऱ्याच अंशी रास्ते घराण्यानं बांधले. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली नदीकाठी ढोल्या गणपतीचं देऊळ उभारलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. पैसा रास्त्यांचा खरा, पण तो पुढच्या पिढ्यांच्या पुराचा विचार करून खर्च झालेला आहे.

दुसरी गोष्ट मी माझ्या प्रत्येक वर्गाला सांगत आले. १९१७ साली विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन वाईला आले. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्याकडे प्राज्ञपाठशाळेत त्यांना वेदान्त शिकायचा होता. शिकता शिकता त्यांनी इथल्या मुलांसाठी वाचनालय काढलं. पैसे कुठून आणायचे? विनोबा आणि पंधराएक विद्यार्थी जात्यावर बसले. लोकांचं धान्य दळून द्यायचं, दोन शेरांना एक पैसा घ्यायचा आणि तो वाचनालयाला द्यायचा. खात्यापित्या घरची मुलंही दळायला बसली. अशा रीतीनं वाचनालयात चारेकशे पुस्तकं जमली, आणि त्यांच्यावर कुणा दात्याचं नाव घालायची गरज पडली नाही.

जुन्या वाईत सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. आळ्या जातींनी आखलेल्या होत्या आणि पुष्कळांना घाटाची पायरीही मोकळी नव्हती. पण त्या अन्यायाला उत्तरही याच गावातून निघालं. धुळ्याकडच्या पिंपळनेरहून आलेले लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेत घडले. अस्पृश्यता शास्त्राला धरून नाही हे मांडण्यासाठी त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना साथ दिली, आणि १९३३ मध्ये गांधीजींचे चिरंजीव देवदास यांचा काँग्रेसचे नेते राजाजी यांच्या कन्येशी झालेला आंतरजातीय विवाह पुण्यात त्यांनीच लावला. पुढे लक्ष्मणशास्त्र्यांनी मराठी विश्वकोशाचं काम मुंबई-पुण्याला न नेता वाईत बसून केलं. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. परंपरा म्हणजे जुनं जपणं एवढाच अर्थ या गावानं कधी लावला नव्हता. स्वतः विचार करायचा आणि स्वतः हात घालायचा, ही इथली रीत होती.

ती रीत आता मोडते आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावरचं गाव म्हणून वाईची जमीन महाग झाली. शेताचे प्लॉट पडले, शनिवार-रविवारपुरते उघडणारे बंगले झाले. तरुण पुण्याला गेले, घरं कुलुपात राहिली. मांडवात माणसं कमी पडू लागली, तेव्हा प्रसाद केटररला देणं सोपं वाटलं. त्यासाठी जास्त पैसा लागला, आणि पैसा घेऊन पुढारी आले. आता काही ठिकाणी देवीच्या फोटोपेक्षा नेत्याचा चेहरा मोठा असतो, त्याखाली कार्यकर्त्यांच्या तसबिरींची रांग. एका वर्षी आमच्याच मांडवात एका इच्छुक उमेदवारानं प्रसादाचा सगळा खर्च उचलला. त्या वर्षी वर्गणीची वही फिरलीच नाही. हिशेब वाचायचा प्रश्नच उरला नाही, कारण विचारायचा हक्क आम्ही त्या पैशांबरोबर देऊन टाकला होता. जेवण भरपूर होतं, पण शेजारी कोण जेवतंय ते पुष्कळांना ठाऊक नव्हतं.

दोष एकट्या राजकारणाला देऊन भागणार नाही. आपण आधी सूप खाली ठेवलं, मग त्या मोकळ्या जागेत फ्लेक्स लागला. ज्या मांडवात माणूस राबतो तिथं तो प्रश्न विचारतो, आणि जिथं तो नुसता पाहुणा असतो तिथं वाढलेलं खाऊन उठतो. नगरपालिकेच्या कारभाराबद्दल गाव गप्प बसतं, त्याचं मूळ मला इथंच दिसतं. पाच रुपयांचा हिशेब विचारायची सवय गेली, की पाच कोटींचा विचारायला तोंड उघडत नाही.

म्हणून माझं मागणं लहान आहे आणि ते फक्त वाईकरांपुरतं नाही. तुमच्या गावच्या उत्सवात, जत्रेत, गणपतीत तीन गोष्टी ठरवा. मांडवावर कुणाही माणसाचा फोटो लावायचा नाही. वर्गणी प्रत्येक घराकडून घ्यायची, दहा रुपये का असेनात, आणि हिशेब सगळ्यांसमोर वाचायचा. आणि निदान एका दिवसाचा प्रसाद आळीनं स्वतःच्या हातांनी, सगळ्या जातींच्या हातांनी रांधायचा. बाहेरगावी गेलेल्या मुलांना सांगा, पैसे पाठवू नका, त्या दिवशी या. यंदा जमेल तेवढं करा, पण यंदाच करा.