एसएमचं खरं कूळ

इंजिन चालू आहे आणि गाडी जागेवर उभी आहे. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवायचं आणि हात सोडून द्यायचे. ते स्वतःहून परत फिरतं, बरोबर मध्यावर येऊन थांबतं, आणि पुढची चाकंही त्याच्यासोबत सरळ होतात. साधारण गाडीत स्टीअरिंग सरळ व्हायला गाडी चालती लागते, कारण ते बळ चाकांच्या ठेवणीतून आणि रस्त्याच्या घर्षणातून येतं. सित्रोएनच्या एसएममध्ये ते तेलाच्या दाबातून येतं. गाडी हललेली नसली तरी चालतं.

मार्च १९७०मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली. दोन वर्षं आधी सित्रोएनने इटलीच्या मासेराती कंपनीचा ताबा मिळवला होता. लांबच्या प्रवासाला चौघांना सुखाने आणि भरधाव नेणारी फ्रेंच गाडी बनवायची, इंजिन मासेरातीचं घ्यायचं, असा बेत होता. मासेरातीचे अभियंते ज्युलिओ अल्फिएरी यांनी त्यासाठी सहा सिलिंडरांचं व्ही आकाराचं इंजिन केलं. त्याची क्षमता २६७० घनसेंटिमीटर ठेवली, कारण फ्रान्समध्ये २.८ लिटरच्या आसपासची मर्यादा ओलांडली की गाडीवरचा कर एकदम चढायचा. १७० अश्वशक्ती, ताशी सुमारे २२० किलोमीटर, आणि हे सगळं बळ पुढच्या चाकांवर. त्या काळात पुढच्या चाकांवर चालणारी इतकी वेगवान गाडी दुसरी नव्हती.

एसएमबद्दल लिहिणारे बहुतेक जण या इंजिनापाशी रमतात. मला वाटतं, मासेराती ही या घराची सोयरीक. कूळ वेगळं आहे, आणि ते शोधायला १९४२ सालात जावं लागतं.

पॉल माजेस १९२५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, सित्रोएनमध्ये नोकरीला लागले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. तेव्हाचे कंपनीचे प्रमुख पिएर-ज्युल बुलांजे यांना मात्र पदवीपेक्षा माणसाच्या डोक्यात काय चाललंय याची पारख होती. शेतकऱ्यांसाठी स्वस्त गाडी बनवताना, नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटता कामा नयेत, अशी अट त्यांनी घातल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. युद्धाच्या काळात, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, त्यांनी माजेस यांना सस्पेन्शनच्या कामाला लावलं.

लोखंडी स्प्रिंगमध्ये एक मूळची अडचण असते. ती मऊ ठेवली तर भरलेली गाडी मागून बसते, कडक ठेवली तर रिकामी गाडी हाडं खिळखिळी करते. माजेस यांनी स्प्रिंगच काढून टाकली. तिच्या जागी त्यांनी धातूचा पोकळ गोळा बसवला. गोळ्याच्या आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन वायू आणि दुसऱ्या बाजूला तेल. चाक उंचवट्यावर उचललं गेलं की त्याला जोडलेला दट्ट्या तेल ढकलतो आणि तेल वायूला दाबतं. वायू पहिल्यांदा सहज दबतो. जसजसा दबत जातो तसतसा कडक होतो. तेल गोळ्यात ज्या अरुंद वाटेने शिरतं तीच वाट शॉक-अब्झॉर्बरचं काम करते. आणि माणसं किंवा सामान वाढून गाडी खाली बसली, की एक झडप उघडते, पंपाकडून जास्तीचं तेल येतं आणि गाडी पुन्हा ठरलेल्या उंचीवर येते. या मांडणीची मोठी जमेची बाजू म्हणजे तिच्यासाठी गाडीत सतत दाबाखाली असलेलं तेल लागतं. एकदा ते घरात आलं, की त्याला आणखी कामं सांगता येतात.

१९५४ साली जुन्या त्राक्सिओं आवां गाडीच्या एका महागड्या आवृत्तीत, तेही फक्त मागच्या चाकांना, हे गोळे पहिल्यांदा बसले. बुलांजे यांना ते पाहायला मिळालं नाही; १९५० साली मोटार अपघातात ते गेले होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५५मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएनची डीएस ही गाडी आली. तिच्यात चारही चाकांना गोळे होते, आणि त्याच तेलावर ब्रेक, स्टीअरिंग आणि गिअर बदलणंही चालत होतं. पहिल्या दिवशी बारा हजारांच्या आसपास मागण्या नोंदल्या गेल्या. ऑगस्ट १९६२मध्ये पती-क्लामार इथे अध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर बंदुकीच्या गोळ्यांचा वर्षाव झाला, टायर फुटले, तरी चालकाने गाडी भरधाव बाहेर काढली. चालकाचं कौशल्य त्यात होतंच, आणि गाडीच्या सस्पेन्शनलाही त्याचं श्रेय दिलं जातं.

सुरुवातीचं तांबडं तेल हवेतला ओलावा शोषायचं आणि आतून गंज चढायचा. १९६६च्या अखेरीपासून हिरवं खनिज तेल आलं आणि ही कटकट संपली. एसएमला हे हिरवं तेल जन्मापासून मिळालं.

आता एसएमचा ब्रेक बघा. नेहमीचं लांब पेडल नाही, जमिनीलगत एक जाड रबरी बटण आहे. ते जवळजवळ हलतच नाही. पाय किती खाली गेला यापेक्षा किती जोराने दाबला याला महत्त्व. डीएसमध्येही हेच बटण होतं, आणि तिथे मागच्या ब्रेकचा वाटा मागच्या सस्पेन्शनच्या दाबावरून ठरायचा. मागे वजन जास्त असेल तर मागचे ब्रेक आपोआप जास्त काम करायचे. नव्या माणसाचा पाय सवयीने जोरात पडतो आणि गाडी नाकावर आपटावी तशी थांबते. सवय झाली की मात्र पायाची हालचाल वाचते.

स्टीअरिंग ही एसएमची स्वतःची कमाई आहे, आणि तीही माजेस यांचीच. दीरावी नावाच्या या यंत्रणेत स्टीअरिंगच्या दांड्याला हृदयाच्या आकाराचा एक कॅम जोडलेला आहे आणि त्याच्यावर तेलाच्या दाबाने एक रोलर रेटलेला असतो. कॅमच्या खाचेत रोलर बसला की स्टीअरिंग मध्यावर. तिथून हलवायचं तर रोलरला मागे सारावं लागतं, आणि सोडलं की तो पुन्हा खाचेत घुसतो. गिअरबॉक्सशी जोडलेला एक गव्हर्नर वेग मोजतो आणि वेगाबरोबर हा रेटा वाढवत नेतो. त्यामुळे गाडी लावताना स्टीअरिंग एका बोटाने फिरतं आणि महामार्गावर भारदस्त होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त दोन फेरे लागतात. चाकाला बसलेला धक्का तेलातच अडतो, हातापर्यंत येत नाही. रस्ता हाताला कळत नाही अशी त्यावर टीका झाली, आणि ती खरीही आहे. पण ताशी दोनशेच्या वेगात टायर फुटला तरी स्टीअरिंग हातातून हिसकलं जात नाही. लांबच्या प्रवासासाठी केलेल्या गाडीत ही अदलाबदल मला रास्त वाटते.

पुढे काचेआड सहा दिवे आहेत, आणि त्यांच्यामध्ये, त्याच काचेखाली, नंबराची पाटी. दोन आतले दिवे स्टीअरिंगबरोबर वळतात. गाडी पुढे झुकली किंवा मागे बसली तरी झोत रस्त्यावरच राहतो. १९६७ साली डीएसला वळणारे दिवे आले तेव्हा त्यांना वळवणारी ओढ तारांनी दिलेली होती. एसएममध्ये तारांच्या जागी बंद नळ्यांतला द्रव आला. तो हिरव्या तेलात मिसळलेला नाही, त्याची व्यवस्था स्वतंत्र आहे.

रोबेर ओप्रों यांनी आखलेलं अंग वरून पाहिलं तर मागे निमुळतं होत जातं. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर १५२६ मिलिमीटर, मागच्या दोन चाकांमधलं १३२६. वीस सेंटिमीटरचा हा फरक हवा कापण्यासाठी ठेवला आहे. वाइपरची युक्ती तर मला या गाडीतली सगळ्यात देखणी वाटते. कोरडी काच वाइपरला अडवते, त्यामुळे मोटर जास्त वीज ओढते. ओली काच कमी अडवते. मोटर किती वीज ओढते हे पाहून पुढचा फेरा कधी मारायचा ते यंत्रणा ठरवते. पाऊस ओळखायला वेगळं उपकरण नाही. सित्रोएनची मालकी तेव्हा मिशलँकडे होती, आणि मिशलँने या गाडीसाठी कार्बन तंतू घातलेल्या राळेची हलकी चाकंही बनवली.

अमेरिकेत १९७२ साली मोटर ट्रेंड मासिकाने तिला वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवलं. त्याच देशात कायद्यामुळे तिचे सहा दिवे आणि त्यांची काच काढून चार साधे गोल दिवे बसवावे लागत होते. मग बंपरच्या उंचीचा नियम आला. ज्या गाडीची उंचीच बदलते तिला तो पाळणं अवघड होतं, सूट मिळाली नाही, आणि तो बाजार बंद झाला. त्यातच १९७३चा तेलाचा भडका. इंजिनातल्या साखळ्यांच्या ताणाची तक्रार आधीपासून होती. सित्रोएनच्या मेकॅनिकला मासेरातीचं इंजिन परकं आणि मासेरातीवाल्याला हे गोळे परके. १९७१ साली ४,९८८ गाड्या निघाल्या होत्या, १९७४ साली २९४, आणि १९७५ साली शेवटच्या ११५. एकूण १२,९२०. सित्रोएन प्यूजोच्या ताब्यात गेली.

इंजिनाच्या पुढे बसणारा एसएमचा गिअरबॉक्स उलटा फिरवून मासेराती मेराक आणि लोटस एस्प्री या गाड्यांच्या मागच्या बाजूला गेला. रोल्स-रॉइसने तर एसएमच्याही आधी, १९६५च्या सिल्व्हर शॅडोसाठी, गाडी समतल ठेवण्याची सित्रोएनची पद्धत परवान्याने घेतली होती. दीरावी सित्रोएनच्याच १९७४च्या सीएक्समध्ये उतरलं आणि डाव्या स्टीअरिंगच्या काही व्ही-६ एक्सएम गाड्यांपर्यंत टिकलं. पुढे ते कुणी घेतलं नाही. गोळे जास्त जगले. पॉल माजेस १९९९ साली वारले तेव्हाही ते नव्या गाड्यांत बसत होते, आणि शेवटची तशी सी-५ कारखान्यातून बाहेर पडली ती २०१७ साली.